तीन दिवस गोळी बंद ठेवली तर?

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू विचारलंस, "बाबा, तीन दिवस गोळी नाही घेतली तर चालेल का?" आई शेजारीच होती, म्हणून मी "बघू" म्हणालो. रात्री झोप लागली नाही. थर्टी फर्स्टला तुम्ही गोव्याला चाललाय. मेडिकलच्या काउंटरवर माझी सव्वीस वर्षं गेली, पार्टीत एक्स्टसी, ती नशेची गोळी, घ्यायची असली की असा प्रश्न येतो, ते मला कळतं. रागावून लिहीत नाही, बाळा.

तीन दिवसांनी काहीही साधत नाही. तुझी नैराश्यावरची गोळी, फ्लुओक्सेटिन, आठवडेच्या आठवडे अंगात राहते. ती बंद करून एमएओआय गटातलं, म्हणजे नैराश्यावरचंच पण हिच्यासोबत धोक्याचं असलेलं औषध द्यायचं तर डॉक्टर निदान 5 आठवडे थांबतात, मग तीन दिवसांचं काय घेऊन बसलास?

एक्स्टसी मेंदूतलं सेरोटोनिन, म्हणजे मनःस्थिती सांभाळणारं रसायन, भसकन बाहेर सोडते. तुझी गोळी ते परत आत जायची वाट अडवून बसलेली असते, त्यामुळे नशा उलट कमी चढते. मग मुलं "काहीच होत नाहीये" म्हणत दुसरी घेतात. मला खरी धास्ती या दुसऱ्या गोळीची आहे. यकृतातलं जे एन्झाइम एक्स्टसीचा निचरा करतं, त्यालाच फ्लुओक्सेटिन दाबून ठेवते. नशा जाणवो न जाणवो, विष साठतं, अंग तापतं, काळीज धडधडत राहतं. आपल्या दुकानातल्या पॅरासिटामॉलच्या पट्टीवरसुद्धा बॅच नंबर असतो. त्या एक्स्टसीच्या गोळीत काय आहे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अभ्यासाला जागायचं म्हणून कुणाची मिथाइलफेनिडेट, ती लक्ष लागावं म्हणून देतात ती उत्तेजक गोळीही घेऊ नकोस. डॉक्टर कधी ती आणि तुझी गोळी एकत्र देतात, पण नाडी आणि बीपी बघत. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीतली आहे, चिठ्ठीची एक प्रत मी 2 वर्षं जपून ठेवतो ती उगाच नाही.

आणि तुझी गोळी मनाने बंद करू नकोस. पावसाळ्यात भरलं ताट तसंच ठेवून तू खिडकीशी बसायचास. दिवाळीत आईच्या हातून झारा घेऊन चकल्या तळल्यास, तेव्हा ती आत जाऊन रडली.

तरीही कुणी काही घेतलं आणि हातपाय थरथरायला लागले, घामाच्या धारा, ताप, स्नायू ताठ, बडबड असं काही दिसलं, तर झोपवून ठेवू नका. या तापाला पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. 108 लावा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. मला फोन नंतर केलास तरी चालेल.

तुझा,
बाबा