हिब्रू पोथ्या रद्दीत घालण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुंबईत १८८० साली जन्मलेल्या डेव्हिड सॉलोमन ससून यांनी १९२९ मध्ये ३५० पौंडांना घेतलेले हस्तलिखित हिब्रू बायबल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला गेले. असा आकडा वाचला की हिब्रू अक्षरांचा कुठलाही कागद सोन्याचा वाटू लागतो. तसे नसते. व्हिएन्ना, इटलीतल्या लिव्होर्नोची छापील प्रार्थनापुस्तके भरपूर सापडतात. दुर्मीळ आहे ते इथलेच: मुंबईची १८४६ची शिळाछाप हग्गादा (यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी), पुण्याची १८७४ची हिब्रू-मराठी सचित्र हग्गादा, बेने इस्रायली (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी) लेखक जोसेफ इझिकेल राजपूरकरांची हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे. आणि नेमकी हीच, मराठी दिसतात म्हणून, किलोवर जातात.

हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडते. आपल्या सवयीने 'पहिले पान' म्हणून फोटो काढला तर तो शेवटच्या पानाचा निघतो, मुखपृष्ठ राहूनच जाते. सालही अक्षरांत असते, कारण प्रत्येक हिब्रू अक्षराला एक अंकमूल्य असते. उदाहरणार्थ, तव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४ मिळून ६३४. हजार बहुधा लिहीत नाहीत. त्यात १२४० मिळवले की १८७४. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे त्याचे सुरुवातीचे महिने १८७३चे. कधी साल एखाद्या वचनात लपवलेले असते. तिथे मोठी किंवा खुणा केलेली अक्षरेच मोजायची, सगळी मोजली तर भलतेच साल येते.

सर्वांत जास्त नासधूस बाईंडर करतो. कडा सारख्या करताना समासातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कापल्या जातात, आणि घराण्याचा इतिहास अनेकदा तेवढाच उरलेला असतो. सेलोटेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. चर्मपत्राची गुंडाळी तर लॅमिनेट करूच नये, उष्णतेने कातडे आक्रसते. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरली तरी उन्हात वाळत घालू नये; सावलीत हवेवर ठेवून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी, नाकातोंडाला मास्क लावून.

देवाचे नाव असलेले जीर्ण पुस्तक टाकून न देता दफनभूमीत पुरण्याचा यहुदी प्रघात आहे, तो पाळावाच. फक्त पुरण्याआधी मुखपृष्ठ, शेवटचे पान आणि हाताने लिहिलेले प्रत्येक पान यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, काढावेत. पुस्तक कोणत्या गावातून आले तेही लिहून ठेवावे.

आपला,
एक ग्रंथसंग्राहक, अलिबाग