आईच्या गुडघ्याबद्दल ठरवलेले

पुणे

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा बदलल्यानंतर मांडीच्या स्नायूंना करंट देणारी मशीन विकत घेण्याऐवजी मी ती सहा आठवड्यांसाठी भाड्याने ठरवली आहे आणि अंबाजोगाईतल्याच एका फिजिओथेरपिस्ट ताईंना घरी येण्याचे पैसेही भरले आहेत. मशीन असताना आईला व्यायामाचा त्रास कशाला, हे बाबांचे म्हणणे तिच्या काळजीपोटीच आहे हे मला ठाऊक आहे, तरीही ते मी मानलेले नाही.

आई, पाय उचलताना त्यात जीवच नाही असे तुला वाटते, त्यात तुझ्या वयाचा किंवा आळसाचा दोष नाही. गुडघा बदलल्यावर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद निम्म्याहून अधिक घटते. स्नायू रोडावतो हे खरे, पण त्याहून मोठे कारण असे की सुजलेल्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण जोराने आवळूच देत नाही. मशीनचा करंट मांडीवरच्या पट्ट्यांतून थेट तिथल्या नसांना पोहोचतो, आणि मेंदूचा हुकूम कमी पडत असला तरी स्नायू आवळला जातो.

मग नुसती मशीन का नको? आपण स्वतः पाय उचलतो तेव्हा आधी बारीक तंतू कामाला लागतात, जोर लागेल तसे मोठे तंतू सामील होतात आणि ते आळीपाळीने विसावा घेतात. मशीन मात्र पट्टीजवळच्या त्याच त्या तंतूंना एकदम राबवते, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. शिवाय खुर्चीवरून उठणे, तोल सावरणे, ओसरीची पायरी चढणे हे करंट शिकवत नाही.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो म्हणून सांगते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी मशीन सुरू केली होती. तेव्हा वाढत्या जोराचा व्यायाम करणाऱ्यांना मशीनमुळे वेगळा फायदा दिसला नाही. २०१२ च्या ६६ रुग्णांच्या अभ्यासात मात्र ती ऑपरेशननंतर ४८ तासांतच व्यायामाच्या जोडीला लावली, आणि त्या रुग्णांची ताकद अधिक राहिली. व्यायाम दोन्हीकडे सर्वांनाच होता. आईचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे, म्हणून मशीनची घाई. आणि पुढे तिचा उपयोग उरणार नाही, म्हणून भाडे.

करंटचा जोर ताई ठरवतील. नुसत्या मुंग्या येऊन भागत नाही, स्नायू स्पष्ट आवळलेला दिसला पाहिजे. आईचा चेहरा पाहून बाबांनी आकडा खाली आणायचा नाही, आणि आईने "बास झालं" म्हणून पट्ट्या काढायच्या नाहीत. टाक्यांवर पट्टी लावू नये. गल्लीतल्या काकांची मशीन दुखणे कमी करण्याची आहे, ती यासाठी चालणार नाही. आणि बाबा, तुमच्या छातीत पेसमेकर आहे. गंमत म्हणूनसुद्धा ही मशीन स्वतःच्या अंगाला लावायची नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

मशीन बॅटरीवर चालते, त्यामुळे लाइट गेली तरी अडणार नाही. बाजेऐवजी उंच पलंग आणि कमोडची खुर्ची शनिवारी येईल. भाकरी शेजारच्या मावशी करून देतील. त्यांची भाकरी जाड असते हे मला माहीत आहे, पण तू चुलीपुढे खाली बसायचे नाहीस. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या गर्दीत मला कडेवर घेऊन तू तासन्‌तास उभी राहायचीस आणि मी उतरते म्हटले तरी सोडायची नाहीस. त्या पायांना आता थोडे दुखेल असे काम मी सांगते आहे, याचे मला वाईट वाटते. सुट्टी मिळत नसल्याने मी तिथे नाही, याचे त्याहून अधिक.

गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबणे आणि पाय सरळ ठेवून उचलणे, हे ताई येण्याआधी सकाळी एकदा करून ठेव. पोटरी एकाएकी सुजली किंवा दुखू लागली, तर बाबांनी व्यायाम आणि मशीन दोन्ही थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करावा, माझ्या फोनची वाट पाहू नये.

तुमची,
मीरा