फॉरमॅट करण्याआधी बूट ऑर्डर तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि त्यातल्या त्यात अलीकडचा प्रोसेसर लागतो; ज्यांच्या संगणकात तो नाही, पण यंत्र अजून ठणठणीत आहे, असे काही जण उबुंटू किंवा लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टिमकडे वळतात, आणि ते योग्यच करतात. अडचण येते ती इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा संदेश वाचून, पेनड्राइव्ह काढून, संगणक पुन्हा सुरू केल्यावर. काही वेळा जुनी विंडोजच जणू काही घडलेच नाही अशी उघडते, तर काही वेळा काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढेच दिसते. मग संगणक दुरुस्तीच्या दुकानात जातो आणि तेथे ‘फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची जबाबदारी आमची नाही’ असे सांगितले जाते. पुष्कळदा या फॉरमॅटची काहीही गरज नसते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संगणकांत जुन्या बायोसची जागा यूईएफआय या फर्मवेअरने, म्हणजे संगणक सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामने, घेतली आहे. पूर्वी बायोस ठरलेल्या डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा भाग वाचून पुढचे काम त्याच्यावर सोपवत असे आणि त्यामुळे नंतर टाकलेली सिस्टिम आधीच्या सिस्टिमचा तेथील मजकूर खरोखरच पुसून टाकी. यूईएफआयमध्ये तसे होत नाही. डिस्कवर एक छोटे ईएफआय पार्टिशन असते, त्यात विंडोजचे फोल्डर वेगळे आणि उबुंटूचे वेगळे असे शेजारी-शेजारी राहतात, आणि कोणती फाइल आधी उघडायची याची क्रमवार यादी मदरबोर्डवरील मेमरीत नोंदलेली असते. ही यादी म्हणजेच बूट ऑर्डर. नवी सिस्टिम डिस्कवर पूर्णपणे उतरली असूनही तिची नोंद यादीत दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर संगणक विंडोजच उघडणार.

म्हणून पहिले काम म्हणजे फर्मवेअरचा मेनू उघडून ही यादी पाहणे. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांत संगणक सुरू होताना एफ १२ आणि एचपीमध्ये एफ ९ दाबल्यास बूट मेनू येतो. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे कळ दाबायला वेळच मिळत नसेल, तर शिफ्ट कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करावे. तेथून फर्मवेअर सेटिंगमध्ये जाता येते. लिनक्स मिंट टाकणाऱ्यांनी यादीत ‘मिंट’ हे नाव शोधत बसू नये, कारण मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर आधारलेली असल्याने तिची नोंदही ‘उबुंटू’ याच नावाने होते. ती नोंद वर आणून सेव्ह केले की बहुतेकांचा प्रश्न तेथेच संपतो. काही लॅपटॉप मात्र बदललेला क्रम जुमानत नाहीत. त्यांत आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवून नव्या सिस्टिमची फाइल ‘विश्वसनीय’ म्हणून निवडावी लागते, आणि हे बहुतेक वेळा माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेले नसते.

यादीत नवी नोंदच नसेल, तर इन्स्टॉलेशन कोणत्या पद्धतीने झाले ते पाहावे. एकच पेनड्राइव्ह बूट मेनूत अनेकदा दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा ‘यूईएफआय’ हा शब्द जोडून. विंडोज यूईएफआय पद्धतीने टाकलेली असताना पहिला पर्याय निवडला गेला, तर नवी सिस्टिम जुन्या पद्धतीने बसते आणि दोन्ही एकाच मेनूत येत नाहीत. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर काय लिहिले आहे, हे आधी पाहून ठेवले तर हा घोळ टळतो.

आपल्याकडे सर्वाधिक फसगत होते ती दोन डिस्क असलेल्या संगणकांत. जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला नवी एसएसडी बसवायची, नवी सिस्टिम एसएसडीवर टाकायची आणि सगळे नीट चालते असे पाहून काही महिन्यांनी हार्ड डिस्क काढून टाकायची, असा प्रघात आहे. पण इन्स्टॉलर, मग तो विंडोजचा असो वा लिनक्सचा, बूट होण्यासाठी लागणाऱ्या फाइली आधीपासून असलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कवरच, ठेवून देऊ शकतो. डिस्क काढताच संगणक सुरू होईनासा होतो आणि दोष बिचाऱ्या नव्या एसएसडीवर येतो. इन्स्टॉलेशनच्या वेळी दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. तो केला नसेल, तरी एसएसडीवर ईएफआय पार्टिशन करून बूट फाइली पुन्हा लिहिता येतात. माहिती पुसावी लागत नाही.

उलट तक्रारही ऐकू येते, की लिनक्सच्या मेनूत विंडोज दिसत नाही, म्हणजे ती उडाली. ग्रब या, लिनक्सचा हा मेनू दाखवणाऱ्या, बूट लोडरच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याची सोय सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवलेली असते. ती चालू करून मेनू पुन्हा तयार केला, की विंडोज दिसू लागते.

बूट ऑर्डर बरोबर असूनही ‘सिक्युअर बूट’, म्हणजे फक्त विश्वसनीय सही असलेल्या फाइलींनाच संगणक सुरू करू देणारी सोय, आडवी येऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टिम असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स सुरू होणे थांबले होते आणि मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्यही केली होती. अशा वेळी यादीतला क्रम खाली-वर करून काही साधत नाही.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. अलीकडच्या अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारे विंडोजचे एन्क्रिप्शन, मालकाच्या नकळत चालू असते. अशा यंत्रात सिक्युअर बूट बंद केले किंवा बूटची रचना बदलली, तर विंडोज ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकते आणि ती हाताशी नसेल, तर स्वतःचीच माहिती स्वतःला दुरावते. मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन इन केलेले असल्यास ही की बहुधा तेथे साठवलेली असते. ती कागदावर उतरवून घेतल्याशिवाय आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित केल्याशिवाय फर्मवेअरला हात लावू नये. त्याच मेनूतील स्टोरेजचा, म्हणजे डिस्कशी जोडणीच्या पद्धतीचा, ‘रेड’ ते ‘एएचसीआय’ असा बदलही पूर्वतयारीशिवाय करू नये, कारण त्यानंतर चालू असलेली विंडोजही उघडेनाशी होते.

दुरुस्ती करणारे सगळेच फसवतात, असे मला म्हणायचे नाही. फॉरमॅटला लागणारा वेळ ठरलेला असतो, निदानाचा नसतो, आणि ग्राहकही निदानाचे पैसे द्यायला नाखूश असतो. तरीही दुकानांनी बिलावर संगणक यूईएफआय पद्धतीने बसवला आहे की जुन्या, बूट फाइली कोणत्या डिस्कवर आहेत आणि एन्क्रिप्शन चालू आहे का, या तीन नोंदी लिहून द्याव्यात, आणि ग्राहकांनी त्या मागून घ्याव्यात. शाळांनी तर संगणक कक्षातील प्रत्येक यंत्राची अशी नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी, म्हणजे शिक्षक बदलला तरी पुढच्याला पुन्हा शून्यापासून शोध घ्यावा लागणार नाही.

आपला,
एक वाचक, सातारा