विमान तयार देऊ नका, मुलांना जोडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की कोल्हापुरात ‘ड्रोन कार्यशाळां’च्या जाहिराती झळकू लागतात. अशा बऱ्याच कार्यशाळांत मुलांच्या हाती तयार यंत्र दिले जाते. ते खोक्यातून बाहेर निघते, थोडा वेळ उडते आणि पुन्हा खोक्यात जाते. मुलांना त्यात आनंद मिळतो, हे खरे आहे. पण ते यंत्र का उडते आणि बिघडले तर कुठे पाहायचे, हे त्यांना कळत नाही. म्हणून शहरातील शाळांना, विशेषतः ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतून उभी राहिलेली शालेय प्रयोगशाळा) आहे त्यांना, माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी तयार यंत्रांऐवजी बॅटरीवर चालणारे, रिमोटने उडवायचे कसरतीचे विमान किटमधून जोडण्याचा उपक्रम हाती घ्यावा.

फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) तयार करण्याच्या धंद्यात माझे आयुष्य गेले आहे आणि मॉडेल विमानांचा छंदही मी अनेक वर्षे जोपासला आहे. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या कारखान्यांत एक मिलिमीटर म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तीच नजर शाळकरी वयात तयार करण्यासाठी मॉडेल विमानाच्या किटइतके चांगले साधन मला दुसरे दिसलेले नाही.

विमान कसरतीचेच का, असा प्रश्न मला पालक नेहमी विचारतात. शिकाऊ विमानाचे पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात आणि पंखाचा छेद खालून जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे ते कलले तरी बरेचसे आपले आपण सावरते आणि जोडणीतील लहानसहान चुका खपून जातात. कसरतीच्या विमानाचे पंख जवळजवळ सरळ रेषेत असतात व त्यांचा छेद वरून-खालून सारखा असतो, कारण त्याला उलटेही सुलट्याइतकेच सहज उडायचे असते. ते ज्या स्थितीत सोडाल त्याच स्थितीत राहू पाहते. त्यामुळे शेपूट एक अंश वाकडी बसली तर तो दोष प्रत्येक लूपमध्ये (उभ्या गोल गिरकीत) आणि प्रत्येक रोलमध्ये (अंगाभोवतीच्या गिरकीत) उघडा पडतो. जागतिक हवाई क्रीडा महासंघाच्या एफ3ए या स्पर्धाप्रकारात विमानाची लांबी आणि पंखांचा विस्तार प्रत्येकी 2 मीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि तिथे गुण मिळतात ते आकृती किती नेमकी काढली यालाच. आपल्या मुलांसाठी एवढे मोठे विमान नको. सुमारे 1 मीटर पंखांचे आणि एक किलोच्या आत-बाहेर वजनाचे विमान पुरेसे आहे.

किटमध्ये लेझरने कापलेले बाल्साचे आणि हलक्या प्लायवुडचे तुकडे असतात. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. त्याचे वजन घनमीटरला साधारण 160 किलो भरते, तर आपल्या सागवानाचे 650 किलोच्या आसपास जाते. हे आकडे फळ्यावर वाचणे वेगळे आणि दोन्ही लाकडांचे सारख्या मापाचे तुकडे दोन तळहातांवर घेऊन पाहणे वेगळे. मुले पहिल्या दिवशी नखाने दाबूनच या लाकडात खळगा पाडतात. तेव्हा ते किती जपून हाताळायचे, हे सांगावे लागत नाही. सांगाड्याला पांढरा गोंद, इंजिनऐवजी मोटर जिथे बसते त्या फायरवॉलला अर्ध्या तासात सुकणारा इपॉक्सी आणि बिजागऱ्यांना पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद), असा प्रत्येक गोंदाचा आपापला मान असतो. इथे गोंद जास्त लावण्याचा मोह होतो आणि तो आवरायलाच हवा, कारण विमानाच्या तोलबिंदूपासून शेपटीचे अंतर नाकाच्या साधारण तिप्पट असते आणि शेपटीवर सांडलेला एक ग्रॅम गोंद तोलण्यासाठी नाकात तीन ग्रॅम वजन घालावे लागते. आघूर्णाचा (वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराचा) धडा यापेक्षा सोप्या रीतीने कोणते पुस्तक शिकवील, मला माहीत नाही.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील नववीच्या एका मुलीने आडवी शेपूट बसवताना धडाच्या मध्यावर टाचणी रोवली, तिला दोरा बांधला आणि तो शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणून पाहिला. एका बाजूला अंतर तीन मिलिमीटर जास्त भरले. सोबतची मुले म्हणाली, गोंद लावून दाबून धरू, सुकले की बसेल. तिने ऐकले नाही. खाचेची एक कड पॉलिश पेपरने दोन-दोन घासे देत ती उतरवत गेली, मध्येमध्ये दोरा ताणून पाहत गेली, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर मग तिने पंखापासून काही अंतरावर मागे उभे राहून, एक डोळा मिटून, शेपूट पंखाला समांतर आहे की नाही ते पाहिले. गोंदाची बाटली तिने त्यानंतर उघडली. पॅटर्नच्या धंद्यात असा मुलगा किंवा मुलगी कोणत्याही मेस्त्रीला आपल्या हाताखाली हवीशी वाटेल.

विजेचा भागही तेवढाच शिकवतो. मोटरवर केव्ही म्हणून जो आकडा लिहिलेला असतो, तो एका व्होल्टला बिनभाराने मिनिटाला होणारे फेरे सांगतो; 1000 केव्हीची मोटर 11.1 व्होल्टच्या बॅटरीवर मिनिटाला सुमारे 11,100 फेरे घेऊ पाहते. पंखा (प्रोपेलर) लावला की हे फेरे कमी होतात आणि प्रवाह वाढतो. तो 30 अँपिअरपर्यंत गेला तर 11 व्होल्टला 330 वॅट होतात आणि एक किलोच्या विमानाला त्यात उभे चढता येते. स्पीड कंट्रोलर मात्र 40 अँपिअरचा घ्यावा, कारण जेमतेम क्षमतेचा कंट्रोलर हवेतच तापून बंद पडू शकतो. व्होल्ट, अँपिअर आणि वॅट ही तीन नावे दहावीच्या विद्यार्थ्याला पाठ असतात, पण वॉटमीटरवर त्यांचे एकमेकांशी नाते बदलताना तो प्रथमच पाहतो.

बॅटरीबद्दल मी जरा ठासून लिहितो, कारण इथे हयगय झाली तर शाळेला आग लागू शकते. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टपर्यंत जातो आणि साठवताना तो 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवायचा असतो. 2200 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी 2.2 अँपिअरनेच, सेल समतोल राखणाऱ्या चार्जरवर आणि अग्निरोधक पिशवीत चार्ज करावी. चार्ज होत असताना शिक्षकाने तिथून हलू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बॅटरी ठेवणे एप्रिल-मे महिन्यांत धोक्याचे आहे. दुसरा नियम असा की सर्व्होंची (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरींची) दिशा, शून्यस्थिती आणि रिमोट तपासताना मोटरवर पंखा बसवलेला नसावा. बोट कापून घेण्याचे प्रसंग बहुधा टेबलावरच घडतात, मैदानावर नव्हे. उजवीकडे कलण्याचा इशारा दिला की उजव्या पंखाचा एलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) वर जायला हवा. हे पहिल्या उड्डाणाआधी दोघांनी वेगवेगळे तपासावे आणि सुरुवातीला या हलत्या भागांची हालचाल कमी ठेवावी. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण 25 ते 30 टक्क्यांवर, किटच्या नकाशात दाखवलेल्या जागी यावा. तो यापेक्षा मागे सरकला की विमान हातात राहत नाही.

आता जागेचा प्रश्न. 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेला उजळाईवाडीचा विमानतळ हे कोल्हापूरचे भूषण आहे, पण त्याच्यामुळे शहरात उडवण्यावर बंधने येतात, आणि ती योग्यच आहेत. 25 ऑगस्ट 2021च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या सीमेपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच पिवळा पट्टा सुरू होतो आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. 8 ते 12 किलोमीटरमध्ये 200 फुटांपर्यंतचा आणि त्यापलीकडे 400 फुटांपर्यंतचा अवकाश, इतर निर्बंध नसतील तर, हिरव्या पट्ट्यात येतो. शहराचा मोठा भाग त्या 8 किलोमीटरच्या आतच आहे. त्यामुळे शाळेच्या मैदानावर किंवा रंकाळ्याच्या काठी विमान उडवण्याचा विचार कोणी करू नये. गर्दीच्या ठिकाणी तर तो नियमांशिवायही करू नये. याच नियमांत शिक्षण, संशोधन व करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलना टाईप सर्टिफिकेटमधून (यंत्राच्या नमुन्याला मिळणाऱ्या सरकारी मान्यतेच्या दाखल्यातून) सूट दिली आहे, म्हणजे या बाबतीत कायदा उपक्रमाच्या आड येत नाही. अडचण आहे ती मोकळ्या आणि सुरक्षित मैदानाची.

पन्हाळ्याकडे किंवा पेठवडगावच्या बाजूला 12 किलोमीटरच्या बाहेर, वीजवाहक तारा आणि वस्ती टाळून, एखाद्या ग्रामपंचायतीचे गायरान आठवड्यातून एक सकाळ या मुलांना मिळाले तर पुरेसे आहे. शंभरेक मीटर लांबीची सपाट पट्टी, प्रेक्षकांसाठी मागे ओढलेली चुन्याची रेघ आणि जबाबदार शिक्षक, एवढीच गरज आहे. तालुक्यातील दोन-तीन शाळांनी मिळून रिमोट, चार्जर, वॉटमीटर आणि वजनकाटा सामाईक घेतल्यास खर्चही विभागला जाईल, आणि पाच-सहा मुलांना मिळून एक किट दिले तरी प्रत्येकाच्या वाट्याला पुरेसे काम येते. उद्यमनगरातील निवृत्त मेस्त्री आणि पॅटर्नमेकर यांना बोलावले तर शिकवायला माणसे कमी पडणार नाहीत, असा मला विश्वास आहे. त्यांतील काहींशी माझे बोलणे झाले आहे.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर बाहेर उडवणे शक्य नसते, तेव्हा हा काळ जोडणीसाठी उत्तम आहे. दमट हवेत पांढरा गोंद सुकायला वेळ लागतो आणि बाल्सा ओलावा धरतो, म्हणून तुकडे बंद पेटीत ठेवावे आणि सांगाड्यावर इस्त्रीने प्लास्टिकची फिल्म चढवण्याचे काम पाऊस ओसरल्यावर करावे. दिवाळीनंतर मुले विमान घेऊन मैदानात उतरू शकतील. किट व बॅटऱ्या मागवायला लागणारा वेळ पाहता जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि शाळांच्या संस्थाचालकांनी याबाबतचा निर्णय मे महिना संपण्यापूर्वी घ्यावा आणि आपल्या दैनिकाने या मागणीला जागा द्यावी, ही नम्र विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर