ओटीपी न सांगताही खाते रिकामे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बार्शीत माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. 'फोन गरम होतोय, मेसेज येत नाहीत' असे सांगत आलेल्या काही फोनमध्ये हल्ली 'आरटीओ ई-चलन' नावाची एपीके फाइल सापडते. खात्यातले पैसे गेलेले असतात आणि मालक कळवळून सांगतो, 'पण मी ओटीपी कुणालाच दिला नाही हो!' तो खरेच बोलत असतो.

एपीके म्हणजे ॲप बसवण्याची फाइल. व्हॉट्सॲपवर आलेली ही फाइल दाबली की फोन एकदा हटकतो. पण दंडाच्या धास्तीने माणूस पुढे जातो. मग ते ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. तिथे 'अलाऊ' दाबले की आलेला ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो. कित्येकदा ॲपचे चिन्हही स्क्रीनवरून गायब होते, त्यामुळे घरच्यांना काही दिसतच नाही.

ही फाइल बहुतेकदा ओळखीच्याच नंबरवरून येते, भावकीच्या ग्रुपवर नाहीतर सोसायटीच्या. पाठवणाऱ्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो, त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. पीएम किसानच्या नावाने आणि लग्नपत्रिका म्हणूनही अशा फाइल फिरतात. मला पत्रिकेची जास्त भीती वाटते. पाहुण्यांच्या आमंत्रणावर संशय कोण घेणार?

वाहतूक पोलीस चलन एपीकेमधून पाठवत नाहीत. शंका असेल तर 'mahatrafficechallan.gov.in' हा पत्ता स्वतः टाइप करावा. तिथे गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे ४ आकडे टाकले की दंड आहे की नाही ते कळते.

चुकून ॲप बसलेच, तर आधी माझ्यासारख्याच्या दुकानात धावू नका. फोनचे इंटरनेट बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकायला वेळ लागत नाही. लवकर कळवले तर ते वाटेत गोठवता येतात. फोन रीसेट करण्याची घाईही नको. आलेला मेसेज आणि नंबर तक्रारीसाठी लागतो, त्याचा दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा.

'ओटीपी सांगू नका' हे आता लोकांना तोंडपाठ झाले आहे आणि तेवढे पाळले की आपण सुरक्षित, असे ते समजतात. बँकांनी पासबुक छापण्याच्या यंत्राशेजारी ठळक मराठीत 'व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडू नका' अशी पाटी लावावी. आपणही सायबर फसवणुकीची बातमी छापताना हे वाक्य आणि १९३० हा क्रमांक चौकटीत द्यावा, ही विनंती.

– एक मोबाइल दुरुस्ती कारागीर, बार्शी