पोरांना ऑनलाइनच पाहिजे होतं?

परभणी

प्रिय संदीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "कोरोनातल्या पोरांना ऑनलाइनच पाहिजे होतं, अभ्यास नको होता." बसच्या गोंगाटात नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तू आता कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतोस. हे वाक्य उद्या वर्गात तुझ्या तोंडून निघेल, याची मला खरंच काळजी वाटते.

गड्या, सगळ्या पोरांचं मत एक नव्हतंच. ज्याचं जसं घर, तसं त्याचं मत. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारे आपले दोस्त खूश होते. रूमचं भाडं नाही, मेसचे पैसे नाहीत, रेकॉर्ड केलेलं लेक्चर रात्री ऐकायचं. कमवत शिकायची सोय त्यांना पहिल्यांदाच मिळाली. त्यांना मी आळशी म्हणणार नाही.

आता आमच्या बहिणीचं, वैशूचं बघ. २०२० ला बारावी झाली, बीएस्सीला प्रवेश घेतला आणि पहिलं वर्ष सगळं गावातच गेलं. घरात स्मार्टफोन एक, तोही अण्णांचा. मोंढ्यातले भाव त्याच्यावरच यायचे. रेंज फक्त माळवदावर. हजेरीला ती माइक सुरू करायची नाही, चॅटमध्ये 'प्रेझेंट सर' लिहायची, कारण खालून आई म्हशीला पाणी पाजायला हाका मारत असायची. सरांना वाटायचं, पोरगी झोपलीय. आणि आमच्या घरात फोन तरी होता, संगणक तर लांबचीच गोष्ट. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नको. टायट्रेशनचा, म्हणजे आम्लात थेंबाथेंबानं अल्कली टाकून मोजायच्या प्रयोगाचा, व्हिडिओ ग्रुपवर आला. रंग दाखवणारं फिनॉल्फ्थॅलिन टाकलेल्या फ्लास्कमध्ये ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, थेंब पडतो, गुलाबी उमटतो, हलवलं की जातो. आणि मग एका थेंबाला फिका गुलाबी टिकून राहतो. तिथंच हात थांबला पाहिजे. तो रंग फोनच्या स्क्रीनवर दिसतच नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये कॉलेज उघडलं तेव्हा तिनं पहिल्यांदा ब्युरेटचा कॉक फिरवला आणि बघता बघता फ्लास्क गडद गुलाबी झाला. दुसऱ्या वर्षाची पोरं, ब्युरेट भरता येत नव्हती. यात त्यांचा काय दोष?

मुलींचं अजून वेगळं होतं. कॉलेज म्हणजे घरातून बाहेर पडायचं कारण. ते गेलं आणि घरोघरी "कॉलेज बंदच हाय, तर स्थळं बघू" सुरू झालं. वैशूच्या वर्गातल्या काही जणी परत आल्याच नाहीत. त्यांचं मत कुणी विचारलं?

पोरांनी परीक्षाही ऑनलाइनच मागितल्या, असा दाखला तू दिलास. पण ऑनलाइन परीक्षा मागणं वेगळं आणि ऑनलाइन शिक्षण आवडणं वेगळं. आपलंच आठव. राज्यानं अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची नाही असं ठरवलं होतं, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि ऐन सोयाबीन काढणीत आपण फोनवर पर्याय निवडत बसलो. पुढच्या पोरांचं सगळं तसंच चाललं. हाताची लिहायची सवयच मोडली होती. मग एकदम तीन तासांचा लेखी पेपर म्हटल्यावर ती घाबरणारच. तुला तो कामचुकारपणा वाटला, मला ती भीती दिसली.

आता तुझ्याकडे एफवायला, पहिल्या वर्षाला, येणारी पोरं तेव्हा शाळेत होती. त्यांच्या शाळेच्याही प्रयोगशाळेला कुलूपच होतं. माझं एक ऐक: पहिल्या प्रॅक्टिकलला तू करून दाखवू नकोस, ब्युरेट त्यांच्या हातात दे. चुकू दे. वेळ गेला तर एक प्रयोग कमी होईल, होऊ दे.

दिवाळीला गावाकडं येशील तेव्हा घरी ये. वैशू पण असेल. तिच्याशीच बोल, माझ्यापेक्षा ती नीट सांगेल. काकूंना नमस्कार सांग. आणि उत्तर लिहूनच पाठव, फोनवर नको.

तुझा,
गणेश