रहिवाशांसाठी राखलेल्या शिबिराच्या जागा रहिवाशांनाच मिळाव्यात

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख
(पालिकेच्या उन्हाळी शिबिरांची ऑनलाइन नोंदणी सांभाळणारी कंपनी)

विषय: रहिवाशांच्या नोंदणीच्या दिवशी झालेला अन्याय आणि पद्धत बदलण्याची मागणी

महोदय / महोदया,

आमच्या पालिकेच्या उन्हाळी शिबिरांची ऑनलाइन नोंदणी आपली कंपनी सांभाळते. गेल्या सोमवारी सकाळी १० वाजता फक्त शहरातल्या रहिवाशांसाठी ती खुली झाली. १० वाजून ७ मिनिटांनी पोहण्याच्या तिन्ही तुकड्या भरलेल्या होत्या. माझ्या ९ वर्षांच्या मुलीला प्रतीक्षा यादीत ६४वा क्रमांक मिळाला आहे. एका तुकडीत २० मुलं घेतात, म्हणजे तिन्ही तुकड्यांतल्या सगळ्याच्या सगळ्या मुलांनी नावं काढून घेतली तरी तिचा नंबर लागणार नाही.

जागा कमी आहेत, ही माझी तक्रार नाही. मुलं पाण्यात असताना एका प्रशिक्षकाकडे मोजकीच मुलं असावी लागतात. ती मर्यादा पाळलीच पाहिजे आणि आई म्हणून मला ती हवीच आहे. माझी तक्रार आहे ती त्या ७ मिनिटांबद्दल. त्या वेळात कोणाला जागा मिळाल्या आणि कशाच्या जोरावर मिळाल्या, याबद्दल.

मी रुग्णालयात नर्स आहे आणि माझे यजमान शहर बस चालवतात. सोमवारी सकाळी १० वाजता मी वॉर्डात औषधांच्या फेरीवर असते आणि फोन लॉकरमध्ये असतो. यजमानांनी त्या वेळी फोन हातात धरला तर त्यांची नोकरी जाईल, आणि जायलाच हवी. म्हणून हे काम माझ्या सासऱ्यांनी अंगावर घेतलं. ते ७१ वर्षांचे आहेत. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून सराव केला. कुठलं बटण आधी, कुठलं नंतर, हे मी त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

ते साडेनऊलाच बसले होते. त्यांची पाळी १० वाजून ४ मिनिटांनी आली. तेव्हा दुपारच्या तुकडीत ६ जागा शिल्लक दिसत होत्या. त्यांनी मुलीचं नाव निवडलं आणि समोर फॉर्म उघडला. अडचणीच्या वेळी कोणाला फोन करायचा, मुलीला कशाची ॲलर्जी आहे, तिला घ्यायला कोण येणार, डॉक्टर कोण. ही सगळी माहिती मी महिनाभर आधीच खात्यात भरून ठेवली होती, तरी ती पुन्हा विचारली गेली. सासऱ्यांनी एका बोटाने टाइप करून ती भरली. मग कॅप्चा आला. चित्रातली वाकडी अक्षरं त्यांना नीट दिसली नाहीत, दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा पडद्यावर आलं, ‘ही तुकडी पूर्ण भरली आहे.’

फॉर्म भरत असताना आपण जागा राखून ठेवत नाही, हे आम्हाला नंतर कळलं. पैसे भरेपर्यंत ती कोणाचीही असते. मी घरी पोहोचले तेव्हा सासरे जेवले नव्हते. ‘माझ्या हातून गेली बघ,’ एवढंच म्हणाले. त्यांच्या हातून काहीही गेलेलं नाही, हे आपल्या कंपनीने मान्य करावं असं मला मनापासून वाटतं.

आता जास्त गंभीर गोष्टीकडे येते. रहिवासी असल्याचा पुरावा आपण नोंदणीच्या वेळी तपासतच नाही. ‘मी या शहराचा रहिवासी आहे’ या ओळीपुढच्या चौकोनात खूण केली की सोमवारचं दार उघडतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाई शहराबाहेर राहतात. त्यांनी ती खूण केली आणि त्यांच्या मुलाला सकाळच्या तुकडीत जागा मिळाली. त्यांनी ते माझ्यापासून लपवलं नाही आणि माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांच्याही मुलाला पोहायला शिकायचं आहे आणि दार उघडं सापडलं म्हणून त्या आत गेल्या. दाराची जबाबदारी आपली होती.

मी आपल्या मदत केंद्राला हे विचारलं तेव्हा ‘पत्त्याची पडताळणी नोंदणीनंतर केली जाते’ असं लेखी उत्तर आलं. पुढे काय होतं तेही मी विचारलं. पुरावा न दिलेल्यांची नोंदणी काही दिवसांनी रद्द होते आणि मोकळी झालेली जागा सर्वांसाठीच्या खुल्या नोंदणीत जाते. ती रहिवाशांच्या प्रतीक्षा यादीला मिळत नाही. म्हणजे रहिवाशांसाठी राखलेली जागा आधी चुकीच्या माणसाकडे जाते, मग चूक पकडली जाते आणि तरीही ती रहिवाशाकडे परत येत नाही. हे तलाव आणि बागा शहरातल्या लोकांच्या करातून चालतात. बाहेरच्या मुलांना बुधवारपासून जरूर घ्यावं, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण सोमवार आम्हाला दिलेला होता.

नोंदणीच्या आधी आपण पाठवलेल्या सूचनेत लिहिलं होतं की १० च्या आधी ऑनलाइन प्रतीक्षागृहात येणाऱ्यांना सोडतीने क्रमांक मिळतील आणि उशिरा येणाऱ्यांना आल्या क्रमाने. म्हणजे आपण सोडत काढताच आहात. फक्त ती मुलांच्या नावांची निघत नाही, उघड्या असलेल्या ब्राउझरच्या खिडक्यांची निघते. ज्या घरात दोन फोन, दोन लॅपटॉप आणि एक टॅबलेट आहे त्या घराच्या ५ चिठ्ठ्या. आमच्या घराची एक. आणि त्या वेळी जो कामावर आहे, शिकवतो आहे, गाडी चालवतो आहे किंवा रात्रपाळी करून झोपला आहे, त्याची एकही नाही. खरं तर दिवसभराचं शिबिर याच घरांना सगळ्यात जास्त लागतं. सुट्टीत आमची मुलं दिवसभर कुठे राहणार, हा प्रश्न आमच्यासाठी हौसेचा नाही.

रुग्णालयात काम करते म्हणून एक उदाहरण मला जवळचं वाटतं. अमेरिकेत १९४० च्या दशकात रुग्णालयं नव्या डॉक्टरांना जागा देण्याची इतकी घाई करू लागली की शिक्षण संपायच्या दोन-दोन वर्षं आधी जागा ठरू लागल्या. आधी पोहोचेल त्याचा फायदा, म्हणून सगळेच आणखी आधी धावत होते. १९५२ पासून तिथे वेगळी व्यवस्था आली. सगळ्यांनी ठरलेल्या मुदतीत आपला पसंतीक्रम द्यायचा, रुग्णालयांनी त्यांचा द्यायचा आणि मग एकाच वेळी जुळवणी करायची. अर्ज पहिल्या दिवशी आला की शेवटच्या, याने फरक पडत नाही. पती-पत्नी दोघं डॉक्टर असतील तर त्यांना आपले पसंतीक्रम एकमेकांना जोडून देता येतात. अशा जुळवणीच्या अभ्यासासाठी आल्व्हिन रॉथ आणि लॉइड शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जोडून अर्ज करण्याची सोय तिथे जोडप्यांना आहे, तशी आपल्याकडे भावंडांना का नसावी? माझ्या ६ वर्षांच्या मुलाला चित्रकलेच्या शिबिरात जागा मिळाली आहे, त्याची बहीण मात्र बाहेर. दोघांना दोन ठिकाणी सांभाळायला आमच्याकडे माणसं नाहीत, त्यामुळे मिळालेली जागाही बहुधा सोडावी लागेल.

शिबिरांना एवढी गुंतागुंतीची जुळवणी लागणारही नाही. साधी सोडत पुरेल. विम्बल्डनच्या टेनिस सामन्यांची तिकिटं १९२४ पासून सोडतीने दिली जातात. लंडन ऑलिम्पिकच्या तिकिटांसाठीही २०११ मध्ये आधी काही आठवडे अर्ज घेतले आणि ज्या सामन्यांना मागणी जास्त होती तिथे सोडत काढली. पहिल्या मिनिटाला अर्ज केल्याचा कोणालाच फायदा नव्हता. यात आपल्या कंपनीचंही हित आहे. एकाच मिनिटात सगळं शहर आपल्या सर्व्हरवर येऊन आदळणार नाही, आणि यंत्रांची घुसखोरी अडवायला तो कॅप्चाही लागणार नाही. घाईचा फायदाच उरला नाही, तर घाईसाठी यंत्र कोण लावेल?

म्हणून माझं म्हणणं असं की रहिवाशांसाठी निदान एक आठवडा अर्जाची मुदत ठेवावी. पत्त्याची पडताळणी अर्ज घेतानाच व्हावी, आणि एकदा झालेली पडताळणी पुढच्या वर्षीही धरावी. घर बदललं असेल त्यालाच नवा पुरावा मागावा. एका मुलामागे एकच अर्ज असावा, मग घरात फोन कितीही असोत. अर्ज पालिकेच्या खिडकीवर आणि फोनवरूनही घ्यावा, म्हणजे माझ्या सासऱ्यांसारखी माणसं मागे पडणार नाहीत. मुदत संपल्यावर सोडत काढावी आणि प्रतीक्षा यादीही त्याच सोडतीच्या क्रमाने लावावी. रद्द झालेली प्रत्येक जागा आधी त्या यादीतल्या रहिवाशाला विचारली जावी, उत्तर द्यायला त्याला निदान २४ तास मिळावेत, कारण पाळीत काम करणारा माणूस तासाभरात फोन पाहू शकत नाही. सोडत कशी काढली हे सगळ्यांना पाहता यावं. मुलांची नावं नकोत, अर्ज क्रमांक पुरेत.

नियम पालिका ठरवते, असं उत्तर येईल याची मला कल्पना आहे, म्हणून या पत्राची प्रत मी पालिकेच्या क्रीडा विभागालाही देत आहे. पण फॉर्म दोनदा भरायला लावणं, जागा राखून न ठेवणं आणि पुरावा न पाहता रहिवासी मानणं, या गोष्टी आपल्या प्रणालीतल्या आहेत. त्या दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

सध्याच्या हंगामासाठी तीन गोष्टी मागते. सोमवारी झालेल्या सगळ्या नोंदणींच्या पत्त्यांची पडताळणी शिबिरं सुरू होण्याआधी पूर्ण करावी. त्यातून मोकळ्या होणाऱ्या जागा खुल्या नोंदणीत न टाकता रहिवाशांच्या प्रतीक्षा यादीला द्याव्यात. आणि सोमवारी १० ते १० वाजून ७ मिनिटं या वेळात किती नोंदणी झाल्या, त्यातल्या किती जणांचा पत्त्याचा पुरावा आपल्याकडे होता, हे मला लेखी कळवावं.

मदत केंद्राच्या उत्तराची प्रत आणि पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे. तो फोटो सासऱ्यांनी काढून ठेवला होता, वेळ त्यात स्पष्ट दिसते. माझी ड्युटी ३ वाजता संपते, त्यानंतर फोन करावा. मुलाच्या चित्रकलेच्या जागेचे पैसे भरायची मुदत येत्या शुक्रवारी संपते आहे, तेव्हा निदान मुलीच्या क्रमांकाबद्दलचं उत्तर त्याआधी मिळावं, ही विनंती.

आपली,
दोन मुलांची आई आणि या शहराची रहिवासी